दवाखान्यात गेलेला दिवस कुणाच्या खात्यावर लिहायचा?

या पानावर तुम्ही माझ्याकडून बोंडअळी, तुरीवरचा मर, खताची मात्रा असेच काही वाचायच्या तयारीने बसला असाल. आज मी दवाखान्याविषयी लिहिणार आहे. शेती खात्याच्या माणसाला दवाखान्यात कोणी बोलावले, असे कोणी विचारील, आणि विचारणे चूक नाही. मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेऊन खात्यात लागलो आणि बारा वर्षे विस्ताराचे काम करतो आहे. पण बांधावर बसलो की बोलणे पिकावरून सुरू होते आणि दुखण्यावर येऊन थांबते. फवारणी का राहिली? तर बाप दवाखान्यात होता. निंदण का लांबले? तर घरची बाई लेकराला घेऊन दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत होती. ऐन खरिपात एक दिवस चुकला तर काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की आपण दोनच गोष्टी बोलतो. डॉक्टर नाहीत आणि औषधे नाहीत. जिथे हे खरे आहे तिथे भांडलेच पाहिजे. पण एक तिसरी गोष्ट आहे, तिच्याविषयी आपण बोलत नाही. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, औषधेही आहेत, आणि तरी रोगी नाराज होऊन घरी जातो. पुढच्या वेळी तो उसने पैसे घेऊन खाजगीत जातो, नाहीतर दुखणे अंगावर काढतो. विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, आणि शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी आपण नवी विहीर खोदायला घेत नाही. आधी पाटाने चालत जातो आणि पाणी कुठे मुरते ते पाहतो. दवाखान्याच्या बाबतीत मात्र हे चालत जाणे आपण कधी केलेच नाही.

डायरीतली एक नोंद

मागच्या पावसाळ्यात वडिलांना तीन दिवस ताप होता. त्यांना घेऊन एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. सवयीने डायरी खिशात होती. बसल्या बसल्या वेळा टिपल्या, त्या जशाच्या तशा देतो. ८.५० ला पोचलो. ९.४० ला केसपेपर हातात आला. ११.०५ ला डॉक्टरांनी बोलावले, चार मिनिटे नीट तपासले, रक्त तपासायला सांगितले. ११.३० ला रक्त घेतले. १२.४० ला रिपोर्ट मिळाला. १२.५५ ला पुन्हा डॉक्टर. १.२० ला गोळ्या. एसटी एक वाजता निघून गेली होती, पुढची चार वाजता.

घरी आल्यावर हिशेब मांडला. एकूण साडेचार तास. त्यात केसपेपर लिहायला दोन मिनिटे, तपासणीला चार, रक्त घ्यायला तीन, दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे दोन, औषधाच्या खिडकीवर तीन. बेरीज चौदा मिनिटे. बाकीचे चार तास सोळा मिनिटे एक तापलेला म्हातारा माणूस बाकावर, आणि बाक भरला की भिंतीला टेकून, वाट पाहत होता. रिपोर्ट तर १२.१० लाच तयार होऊन टेबलावर पडला होता. हाक मारायची कोणी, हे ठरलेले नव्हते.

आता यात दोष कुणाचा? डॉक्टरांनी काम केले. सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या. रक्त तपासणारा माणूस एकटा होता. प्रत्येकाने आपापले काम केले, पण एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत रोगी कसा जातो हे बघायचे काम कोणाकडेच नव्हते. पाणी मुरते ते नेमके इथे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. चांगलीच गोष्ट झाली. पण ज्याचे पोट रोजमजुरीवर आहे त्याला दवाखाना फुकट पडत नाही. त्याची मजुरी गेली, सोबत आलेल्याचीही गेली, एसटीचे भाडे गेले. हा खर्च कोणत्याही केसपेपरवर लिहिला जात नाही, म्हणून तो कमी करण्याचा विचारही होत नाही.

वीस मिनिटे आणि एक वाक्य

कोणी म्हणेल, थोडी वाट पाहिली तर काय बिघडते? कधी कधी जीव जातो. एक प्रसंग सांगतो.

आपल्याकडे शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा गडी हरभऱ्याला पाणी देत असताना त्याला साप चावला. पोरांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला आरोग्य केंद्रात आणले. मला फोन आला, मी पोचलो. बघतो तर आठ-दहा माणसे ओट्यावर चिडलेली. "इथं कोणी काही करून नाही रायलं. रक्त काढलं अन् बसून रायले. चला, गाडी काढा!" एक जण तर मांत्रिकाला फोन लावत होता.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी हातवारे केले नाहीत की कोणाला बाहेर हाकलले नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, याचं रक्त काचेच्या नळीत ठेवलं आहे. वीस मिनिटं नळी हलवायची नाही. वीस मिनिटांत रक्त गोठलं नाही तर समजायचं की विष रक्तात गेलं, अन् लगेच इंजेक्शन सुरू करायचं. इंजेक्शन तयार आहे, सलाईन लावलेलं आहे. आम्ही बसलो नाही, वाट पाहतो आहोत. तुमच्यापैकी एकानं आत येऊन घड्याळ पाहत बसावं."

माणसे एकदम शांत झाली. एक जण आत जाऊन बसला. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, रक्त पाण्यासारखे वाहिले. लगेच सर्पविषावरची लस सुरू झाली, १०८ ला फोन गेला आणि रात्रीतून त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवले. तो गडी वाचला. आज तो आपल्या पायाने चालत शेतात जातो.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर चालते, त्यासाठी ही नळीची तपासणी. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. त्यात पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, श्वास अडतो, तिकडे डॉक्टरांना वेगळे लक्ष ठेवावे लागते. आपल्याकडची लस या चारही सापांवर चालते. हे सगळे त्या रात्री घरच्यांना कळणे शक्य नव्हते. त्यांना फक्त एवढेच कळायला हवे होते की आता काय चालले आहे आणि पुढे काय होणार आहे. ते एक वाक्य सिस्टर बोलल्या नसत्या तर रोगी मांत्रिकाच्या दारात गेला असता, आणि वर दवाखान्याचेच नाव खराब झाले असते.

रुग्णाचे समाधान म्हणतात ते हे. गोड बोलणे, भिंतीला रंग, कुंड्यांत झाडे, याला माझी ना नाही. पण रोग्याला आणि त्याच्या माणसांना तीन गोष्टी हव्या असतात. आपला नंबर केव्हा येणार हे कळावे. आपल्याला काय झाले आणि पुढे काय, हे आपल्या भाषेत कोणीतरी सांगावे. आणि एका कामासाठी दोन-तीन खेपा पडू नयेत. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

आमच्याच दाराशी काय झाले

दुसऱ्याच्या वावरातले तण पटकन दिसते, म्हणून आधी आपल्या खात्याचे बोलतो. एकदा एका शेतकऱ्याने तीन औषधे एकत्र करून कपाशीवर मारली आणि त्याला चक्कर येऊन पडायची पाळी आली. मी त्याला रागावलो. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या ऑफिसात दोनदा आलो. दोन्ही वेळा कुलूप. मग दुकानदारानं दिलं ते मारलं." त्यावर मला उत्तर नव्हते. मी त्या दिवशी कोठे आहे, केव्हा परत येणार, हे दारावरच्या फळ्यावर लिहायला अर्धे मिनिट लागले असते. तेव्हापासून लिहितो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षाने आम्हा विस्ताराच्या लोकांना एक धडा दिला. असा रोगी केसपेपरच्या रांगेत उभा राहता कामा नये. घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप, हे दिसले की त्याला थेट आत नेले पाहिजे. आणि घरच्यांनी औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचे लेबल सोबत आणले पाहिजे. डब्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबतच्या माहितीपत्रकात उताराही छापलेला असतो. प्रोफेनोफॉससारख्या फॉस्फरसवर्गीय औषधाला ॲट्रोपिन चालते, पण प्रत्येक विषाला तेच चालत नाही. कोणते औषध मारले हे कळले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि तो वेळ म्हणजे रोग्याचा श्वास असतो.

जिथे आधी विचारले, तिथे घडले

आपल्याकडे काही होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातली उदाहरणे देतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' संस्थेचे काम उभे केले. तिथला दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींनाच विचारले की तुम्हाला कसा दवाखाना हवा. त्यातून मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारख्या खोल्या आल्या, रोग्याजवळ त्याची माणसे राहतील अशी सोय आली, आणि दवाखान्याला नाव मिळाले ते त्यांच्या दंतेश्वरी देवीचे. विचारल्याशिवाय हे कोणाला सुचले असते?

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना 'लखीना पॅटर्न' हा शब्द परका नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतल्या कागदांची मांडणी, टेबलांची रचना आणि कामाची विभागणी बदलली. माणसे तीच, कचेरी तीच, कामाची रीत नवी. कचेरीत जे जमले ते दवाखान्यात का जमू नये?

रक्तदाबाचेच घ्या. २०१७ मध्ये देशातल्या पाच राज्यांत, त्यात आपल्या महाराष्ट्रातही, उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यातले एक सूत्र अगदी साधे होते. घराजवळच्या केंद्रातून रोग्याला पूर्ण महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. ज्याला जन्मभर गोळी घ्यायची आहे त्याला पाच-सात दिवसांच्या गोळ्या देऊन परत परत बोलावले तर तो एक महिना येतो, दोन महिने येतो, मग सोडून देतो. आपण म्हणतो अडाणी आहे, औषध घेत नाही. अडाणी तो नाही, महिन्यातून चार दिवस मजुरी बुडवणे त्याला परवडत नाही.

काय करता येईल?

मोठी योजना नको. पाच कामे सांगतो.

पहिले काम, वेळ टिपा. आठवडाभर रोज दहा रोग्यांच्या केसपेपरवर प्रत्येक खिडकीची वेळ लिहायची. आल्याची, डॉक्टरांकडे गेल्याची, औषध मिळाल्याची. पाणी कुठे मुरते ते आठ दिवसांत कळेल. बाजाराच्या दिवशी किती गर्दी आणि इतर दिवशी किती, तेही कळेल.

दुसरे, दारातच एक खुर्ची टाका. तिथे बसणाऱ्याने आलेल्याला पहिल्यांदा बघायचे. साप, विषबाधा, धाप, बाळंतीण, तापाने झटके आलेले लेकरू, यांना रांग नाही. बाकीच्यांना नंबराचे बिल्ले. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लावून रात्र रात्र काढलेल्या आपल्या वाडवडिलांना नंबर कळण्याची किंमत माहीत होती. नंबर कळला की माणूस बाहेर झाडाखाली निवांत बसतो, खिडकीवर रेटारेटी करीत नाही.

तिसरे, दोन वेळा वाट पाहण्याऐवजी एकदाच पाहा. डॉक्टरांनी कायमची सूचना लिहून दिली तर तापाच्या रोग्याचे रक्त नंबर येण्याआधीच घेता येईल. डॉक्टरांसमोर तो रिपोर्ट घेऊनच बसेल. माझ्या वडिलांचे निदान दीड-दोन तास तेवढ्यात वाचले असते.

चौथे, दिवस ठरवा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी होते. २०१६ पासून ही तारीख चालत आली आहे आणि ती आशाताईंच्या तोंडी बसली आहे. तसाच एक दिवस बीपी-शुगरच्या जुन्या रोग्यांसाठी ठरवा, आणि त्यांना महिन्याच्या गोळ्या द्या.

पाचवे, सांगा. आज डॉक्टर आहेत की मीटिंगला गेले, कोणते औषध संपले, परत केव्हा येईल, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच टाका. वीस किलोमीटरवरून येऊन कुलूप पाहण्यासारखा दुसरा अपमान नाही.

डॉक्टर आणि सिस्टर यांची बाजूही मला माहीत आहे. सपाट भागात तीस हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. त्यात एखादे पद रिकामे, त्यात शवविच्छेदन, कोर्टाची तारीख, शिबिरे आणि रजिस्टरांचा ढीग. म्हणूनच म्हणतो, रीत सुधारली तर त्यांचाही जीव सुटवंग होईल. दहा वेळा तोच प्रश्न खिडकीतून आला की कोणाचाही आवाज चढतो. फळ्यावर उत्तर लिहिले तर प्रश्नच कमी येतील.

पंचायतीचे काम आणि आपलेही

प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. सरपंचसाहेब, या समितीची मागची बैठक केव्हा झाली, जरा वही काढून बघा. बैठकीत नुसता खर्च मंजूर होतो की रोग्याला किती वेळ लागतो याचीही चर्चा होते? २००७ मध्ये महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. लोकांनी स्वतः आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपत्रक भरले. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. मग ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवले. आपल्या ग्रामसभेत वर्षातून दोनदा हे करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपणही काही पथ्ये पाळू. सातबारा आणि पासबुक जसे प्लास्टिकच्या पिशवीत जपता तसा जुना केसपेपर जपा. सोबत दोघांपेक्षा जास्त माणसे नेऊ नका. साप चावला तर चिरा देऊ नका, विष चोखू नका, दोरी आवळू नका, तडक दवाखाना गाठा. आणि सिस्टरशी बोलताना आपली बहीण त्या खुर्चीवर आहे असे समजून बोला.

शेवटी एक कबुली. कितीतरी वेळा मीही दवाखान्यात जाऊन म्हटले आहे, "मी शेती खात्याचा," आणि रांग मोडून आत गेलो आहे. सरपंच जातात, पोलीस पाटील जातात, ग्रामपंचायत अधिकारी जातात. ज्यांच्या हातात ही रांग सुधारणे आहे त्यांना रांग कशी असते तेच माहीत नाही. वडिलांना नेले त्या दिवशी कोणी ओळखीचे भेटले नाही, म्हणून रांगेत बसलो. नाहीतर ही चौदा मिनिटांची बेरीज मला कधीच कळली नसती.

तेव्हा गावातल्या सगळ्या अधिकारी-पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या महिन्यात एकदा, घरच्या माणसाला घेऊन, ओळख न सांगता, आपल्या आरोग्य केंद्रात रांगेत बसा. खिशात डायरी ठेवा. जे टिपाल ते पुढच्या ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवा. मी माझे वाचून दाखवणार आहे.